विभक्त झाल्याचा दिनांक

नवा वीजमीटर बसला तर सर्वांत जास्त फायदा माझ्या धाकट्या भावाचा होता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याला सकाळी साडेआठला शर्टाला इस्त्री लागते. नेमकं तेव्हाच मी खाली अंघोळीचं पाणी तापवत असतो. दोन्ही एकदम चालू झालं की मुख्य फ्यूज उडतो आणि वरच्या मजल्यावरून "दादा" अशी हाक येते. ती हाक आदराने सुरू होते, पण दुसऱ्या अक्षरापर्यंत आदर शिल्लक राहत नाही. भावजयीचा फायदा म्हणजे तिची विजेची शेगडी, जी माहेरून आल्यापासून खोक्यात होती आणि मीटरच्या भीतीने आठवड्यातून एकदाच बाहेर निघायची. माझ्या बायकोचा फायदा म्हणजे "ताई, तुमचा हीटर बंद झाला का?" हा प्रश्न आयुष्यातून वजा होणार होता. माझा फायदा काहीच नव्हता. मी केवळ तत्त्वासाठी यात पडलो. गरम पाणी मिळालं असतं, ते वेगळं.

घर आईच्या नावावर. खाली मी, वर भाऊ, आणि जिन्याच्या मधल्या टप्प्यावर एक खोली आहे तिथे आई. बाबा गेल्यानंतर कधीतरी दोन चुली झाल्या. सकाळी आई खाली आमच्याकडे जेवते, संध्याकाळी वर भावाकडे. भांडण कधीच झालं नाही. आमच्या घरात भांडणं होत नाहीत, फक्त दारं जरा जोरात लागतात.

अर्ज भावाने आणला आणि माझ्यापुढे ठेवला. "दादा, तूच भर. तारखा-बिरखा तुझं काम." हे त्याने बरोबर केलं. मी एकतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळतो. माझ्या टेबलावरून आजवर एक कागद बिनतारखेचा गेलेला नाही. एकदा खुद्द साहेबांनी रजेचा अर्ज तारीख न टाकता पाठवला, तो मी परत पाठवला होता. त्यांनी तो तारीख टाकून पुन्हा पाठवला आणि माझी बदली तळघरात केली, पण कागद नियमाप्रमाणे झाला.

पहिले सहा रकाने मी चहा निवायच्या आत भरले. सातवा असा होता: ‘कुटुंब विभक्त झाल्याचा दिनांक व कारण.’

एका घरात दुसरा मीटर हवा असेल तर तिथे दोन कुटुंबं आहेत हे दाखवावं लागतं. आणि दोन असतील तर ती कधीतरी एकाची दोन झाली असणार, असा वीज कार्यालयाचा सरळ हिशोब. मी पेन उचललं आणि तसंच धरून बसलो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"अगं," मी बायकोला विचारलं, "आपण वेगळे कधी झालो?"

"चौदा जून," ती आतून म्हणाली. विचारसुद्धा करायला थांबली नाही. "जाऊबाईंनी मोठं पातेलं वर नेलं तो दिवस. वीस माणसांचं पातेलं. चार माणसांसाठी."

मी ‘१४ जून’ लिहिणार एवढ्यात भावजय जिन्यातून उतरली. आमच्या जिन्याची रचना अशी आहे की खालचं बोलणं वर स्वयंपाकघरात बसल्या बसल्या ऐकू येतं. "पातेलं मी नेलं ते ताईंनी फ्रिजवर चिठ्ठी लावल्यानंतर, भाऊजी. ‘या कप्प्यातलं दूध लहानीचं आहे.’ तुमची लहानी तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या दिवसापासून धरा. मार्च महिना होता."

"चिठ्ठी का लावली तेही सांगा की," बायको म्हणाली.

"हो सांगते ना."

मी दोघींना थांबवलं. म्हटलं, पातेलं आणि चिठ्ठी या किरकोळ घटना आहेत. खरं कारण असं की भावाने मला न विचारता स्वतःची गॅसची शेगडी विकत आणली. थोरल्या भावाला न विचारता. त्याच दिवशी घर दोन झालं, बाकी सगळं पुढचं. हे मी अत्यंत शांतपणे मांडलं. संध्याकाळी भाऊ आला, त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "शेगडी मी आणली कारण तू जिन्याच्या दाराला खालून कडी लावलीस."

"ती मांजरासाठी होती."

"कुठलं मांजर, दादा?"

मांजर होतं. करड्या रंगाचं. आजही मी ते शपथेवर सांगायला तयार आहे. पण घरात एकालाही ते आठवेना, आणि ज्या घरात थोरल्या माणसाच्या मांजरावर विश्वास ठेवला जात नाही त्या घराबद्दल मी काय बोलावं.

तर मी रकान्यात ‘सुमारे आठ वर्षांपूर्वी, सोयीसाठी’ असं लिहिलं आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून वीज कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक चार. आत बसलेल्या साहेबांनी अर्ज वरून खाली वाचला, सातव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "सुमारे ही तारीख नाही."

हे वाक्य माझं आहे. हे मी लोकांना म्हणतो. गेली एकतीस वर्षं मी ते म्हणत आलोय, आणि आज कुणी एक चष्मेवाला ते खिडकीतून माझ्याच तोंडावर फेकत होता.

"कुठलीही एक तारीख टाका हो," मागच्या रांगेतला एक वायरमन कळवळून म्हणाला. "कोण बघतंय?"

"मी बघतोय," साहेब म्हणाले. "आणि तारखेचा पुरावा लागेल. दोन्ही कुटुंबांची तारीख एकच पाहिजे."

मी घरी आलो तेव्हा शेजारचे निवृत्त प्राध्यापक आमच्या ओट्यावर बसले होते. इतिहास शिकवायचे. सगळी गल्ली त्यांना इसवीसन म्हणते, तेही स्वतःला तसंच म्हणवून घेतात. वीज गेली का, एवढं विचारायला आले होते. मी सहज अडचण सांगितली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"वा," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला. निवृत्तीनंतर सहा वर्षांत त्यांना कुणी काही विचारलेलं नव्हतं. "ही कालविभागणीची समस्या आहे. एक युग संपलं हे त्या युगातल्या माणसांना कुणी येऊन कळवत नाही. मध्ययुग संपलं त्या सकाळी लोक उठले, गुरांना चारा घातला आणि कामाला गेले. वळण नेहमी मागच्या काचेतून दिसतं."

"मला एक तारीख हवी आहे," मी म्हणालो.

"तारीख सापडत नसते, ठरवायची असते. आणि तारीख ठरवणं म्हणजे दोष कुणाचा ते ठरवणं. तुमची वहिनी, तुमची पत्नी, तुम्ही, भाऊ, चौघांनी चार वळणं सांगितली. प्रत्येकाच्या वळणावर गाडी दुसराच चालवतोय. आलं लक्षात?"

माझ्या लक्षात आलं होतं. पण ज्याला वहिनी आणि भावजय यातला फरक कळत नाही त्याने माझ्या घराचा इतिहास मला सांगावा हे मला झोंबलं. तरी मी बायकोला चहा टाकायला सांगितलं. तो पहिला चहा. पुढच्या तीन आठवड्यांत इसवीसनांनी आमच्याकडे नऊ आणि वर अकरा चहा घेतले. वरचे दोन जास्त का, तर भावजय सोबत बिस्किटं देते. इतिहासकाराने निःपक्षपाती असावं असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं.

त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तक्ता आखला. पहिला ‘एकचूल काळ’, शेवटी ‘द्विचूल काळ’ आणि मध्ये ‘धुसफूस काळ’. नावं ऐकून माझी बायको हसली, पण हसू लवकरच मावळलं, कारण धुसफूस काळ किती लांब यावर तिचं आणि भावजयीचं जमेना. बायकोच्या मते तीन महिने. भावजयीच्या मते तिचं लग्न झालं तिथपासून. मग त्यांनी ‘प्राथमिक साधनं’ मागितली. मी किराण्याच्या याद्या काढल्या, गॅसचं पुस्तक काढलं, आणि भावाने फोटोंचा डबा आणला.

फोटोंवर त्यांनी एक अख्खी दुपार घालवली. शेवटी दोन फोटो शेजारी ठेवले. "यात तुम्ही दोघं भाऊ मध्ये उभे आहात, खांद्याला खांदा लावून. आणि या फोटोपासून पुढच्या प्रत्येक फोटोत तुम्ही एका टोकाला आणि हा दुसऱ्या टोकाला. मध्ये आई."

भाऊ म्हणाला, "फोटोवाल्याने तसं उभं केलं."

"सात वेगवेगळ्या फोटोवाल्यांनी?" इसवीसन म्हणाले.

 मी फोटो डब्यात भरले. काही माणसांना चहा पाजावा, डबा उघडून दाखवू नये.

एवढं सगळं चाललेलं आईच्या कानावर आम्ही घातलं नव्हतं. तिचं वय अठ्ठ्याहत्तर, तिला कशाला त्रास, असा आमचा सुज्ञ विचार. सुज्ञ विचारांची एक गंमत असते, ते दोघांचे नेमके एकाच वेळी जुळतात. मीटर तिच्या घरात बसणार, सही तिची लागणार, आणि ती मधल्या खोलीत बसून वरची-खालची दारं ऐकणार.

दरम्यान भावाने घोटाळा केला. माझ्या सचोटीला कंटाळून त्याने स्वतःचा वेगळा अर्ज दिला आणि सातव्या रकान्यात लिहिलं: ‘दाराला कडी लागली तो दिवस, अंदाजे ३ मे.’ कारण: ‘कडी’. सरकारी कागदावर, कायमचं, कडी. मांजराचा उल्लेखसुद्धा नाही. मला हे कळलं तेव्हा मी वर गेलो, दार वाजवलं, आणि त्याने उघडल्यावर म्हणालो, "तुला काही लाज?"

"दादा, आधी आत तरी ये."

"इथूनच बोलतो."

बोललो मात्र काहीच नाही. बोलण्यासारखं खूप होतं, पण खाली बायको ऐकत होती आणि मधल्या खोलीचं दार उघडं होतं.

माझा ‘सुमारे’वाला अर्ज खिडकीतच पडून होता. एका घराचे दोन अर्ज, दोन तारखा. वीज कार्यालयाने चौकशी लावली. तपासनीस न कळवता आला, शनिवारी दुपारी. न कळवताच यायचं असतं, पण मला ते अपमानकारक वाटलं. त्या दिवशी भावजयीने मोठ्या आशेने खोक्यातली शेगडी काढली होती आणि खाली बायको इस्त्री करत होती. फ्यूज गेला. नुसता गेला नाही, या वेळी जळलाच. भावाकडे गॅस संपलेला, दुसरं सिलिंडर सोमवारी येणार होतं. मग आई म्हणाली, सगळे खालीच जेवा. म्हणून तपासनीस दारात उभा राहिला तेव्हा आम्ही सगळे एका खोलीत, एका पातेल्यातून वाढून घेत होतो. तेच पातेलं. भावजय वरून खाली घेऊन आली होती.

"दोन कुटुंबं कुठली?" तपासनीसाने विचारलं.

"दोन?" आई म्हणाली. "ही सगळी माझीच आहेत. तुम्ही जेवलात का?"

तो जेवला. दोनदा वाढून घेतलं. आणि जाताना त्याने शेरा लिहिला: ‘प्रत्यक्ष पाहणीत कुटुंब एकत्र आढळले. दुसऱ्या मीटरची आवश्यकता नाही.’

आता बघा. एक मीटर असल्यामुळे फ्यूज जळला, फ्यूज जळल्यामुळे आम्ही एकत्र जेवलो, एकत्र जेवल्यामुळे आम्हाला एकच मीटर पुरेल असं ठरलं. असा न्याय मी कचेरीतही पाहिला नाही, आणि मी तळघरात बसतो.

अपिलासाठी घरमालकाचं लेखी निवेदन लागतं, असं खिडकी क्रमांक चारने सांगितलं. इसवीसनांनीही तेच सांगितलं, पण त्यांच्या पद्धतीने. "तुम्ही सगळ्यांना विचारलंत," ते म्हणाले, "जी व्यक्ती रोज दोन्ही कालखंडांत जेवते तिला विचारलंत का?"

मी आणि भाऊ एकत्रच मधल्या खोलीत गेलो. कित्येक वर्षांत आम्ही त्या खोलीत एका वेळी गेलो नव्हतो, कारण ती लहान आहे. निदान कारण म्हणून ते पुरतं. आई उशीच्या अभ्र्याला बटण लावत होती.

"आई," मी म्हणालो, "कागदावर एक तारीख घालायची आहे. औपचारिक आहे सगळं."

"सोळा ऑगस्ट," ती म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सोळा ऑगस्टला काय झालं होतं ते आमच्यापैकी कुणालाच आठवेना. पातेलं जूनचं, चिठ्ठी मार्चची, कडी मेची, शेगडी तर पुढे कधीतरी.

"तुमचे बाबा गेले त्याच्या चौथ्या वर्षी. मी डोळ्यांच्या डॉक्टरकडून आले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी मला पहिल्यांदा विचारलंत, आई, आज तू कुठे जेवणार? त्याआधी मला हे कधी कुणी विचारलं नव्हतं. कुठे जेवायचं हा प्रश्नच नव्हता."

"हे दादाने विचारलं असेल," भाऊ म्हणाला.

"मी?" मी म्हणालो. "मी असं विचारेन? तुझ्याकडे बिस्किटं असतात, तूच..."

"दोघांनी विचारलंत," आई म्हणाली. "एकाने खालून, एकाने वरून. मी जिन्यात उभी होते. डोळ्यांत औषध घातलेलं होतं, मला पायरी दिसत नव्हती. म्हटलं, आधी कुणीतरी हात तर द्या."

तिने दातांनी दोरा तोडला. मग उशाखालची कागदांची पिशवी काढली आणि डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी काढून दिली. तारीख, शिक्का, सही. मी एकतीस वर्षं कागद हाताळले आहेत, इतका निर्दोष पुरावा क्वचित पाहिला. त्यात खोट काढायला काही नव्हतं, याचाच मला राग आला.

निवेदन द्यायला घरमालकाने स्वतः हजर राहावं लागतं. आम्ही तिघं रिक्षाने गेलो. मध्ये आई. खिडकी क्रमांक चारने चिठ्ठी पाहिली, तारीख पाहिली, आणि पहिल्यांदाच मान डोलावली. "कारण?"

"लिहायला जागा किती आहे?" आईने विचारलं.

"एक ओळ."

"मग राहू द्या."

साहेबांनी ‘कौटुंबिक’ असं लिहून घेतलं. मग कागद उलटा केला. मागच्या बाजूला अजून एक रकाना होता, तो मी सगळा अर्ज तोंडपाठ असूनही पाहिला नव्हता, कारण तो फक्त अपिलाच्या नमुन्यात असतो. ‘घरमालक कोणत्या कुटुंबात समाविष्ट?’ दोन चौकोन. एकातच खूण.

आता मी काय केलं ते सांगतो, आणि ते मानानेच केलं हे कृपया लक्षात घ्यावं. मी म्हणालो, "भावाकडे लिहा. संध्याकाळचं जेवण तिथे असतं, तेच मुख्य." धाकट्याचा मान ठेवावा, हा माझा हेतू. त्याच श्वासात भाऊ म्हणाला, "छे, दादाकडे लिहा. थोरल्याकडेच शोभतं." त्याचाही हेतू चांगलाच असणार. आम्ही दोघांनी एकमेकांना दोनदा आग्रह केला. मागच्या रांगेतला एक माणूस म्हणाला, "अहो, लवकर ठरवा." मी त्याच्याकडे रागाने पाहिलं. सभ्यता म्हणून काही आहे की नाही.

मग माझ्या लक्षात आलं की आई काउंटरच्या कडेला हात टेकून एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे बघते आहे. जिन्यात उभी असल्यासारखी.

"साहेब," ती खिडकीत वाकून म्हणाली, "आणखी एक कोरा अर्ज द्या."

"आई, तसं नाही," भाऊ म्हणाला.

"तुमचं तुम्ही भरा रे. मला माझा भरू दे." तिने अर्ज घेतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. सहा रकाने भरले. सातव्यावर साहेब म्हणाले, "तारखेचा पुरावा लागेल, आजी."

"आजची घालते," आई म्हणाली. "पुरावा तुमच्यासमोर उभा आहे. दोघंही आहेत."

साहेबांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. बारा तारीख. एकही काना-मात्रा त्यांना आक्षेपार्ह वाटली नाही. मला या माणसाने ‘सुमारे’साठी परत पाठवलं होतं.

इसवीसन म्हणतात, आमच्या घराचा दुसरा कालखंड एका डोळ्यांच्या डॉक्टरकडे सुरू झाला आणि खिडकी क्रमांक चारवर संपला, आणि अशी स्वच्छ विभागणी त्यांनी उभ्या आयुष्यात शिकवलेली नाही. ते आता चहा मधल्या खोलीत घेतात. आईने एक छोटी शेगडी घेतली आहे आणि दोन बशा. आम्हाला यायचं असेल तर आधी विचारावं लागतं. विचारलं तर ती म्हणते, "बघते," आणि दार हळू लावते, जोरात नाही. त्याचाच जास्त त्रास होतो.

भिंतीवर आता तीन मीटर आहेत. फ्यूज उडत नाही. हिशोब मी पुन्हा पुन्हा तपासला, चूक कुठेच नाही. आठ वर्षं आमच्याकडे अर्धी आई होती आणि त्याच्याकडे अर्धी. ते दोन्ही अर्धे आम्ही खिडकीवर एकमेकांच्या रकान्यात भरले. मधल्या खोलीत ती आता पूर्ण आहे.